अक्का आणि नांदायला न आलेला कायदा

महानंदा अक्का मठपती कुठलाही कायदा नातं जोडल्याशिवाय सांगत नसत. लातूरच्या कोर्टात त्या वकील होत्या. पण मेसच्या टेबलावर ताट पुढं ओढून बोलायला लागल्या की नव्या माणसाला वाटायचं, ही बाई घरातली भांडणं सांगून राहिली. मीही पहिल्यांदा तसंच समजले होते. जावेबद्दल बोलतायत, सासऱ्याबद्दल बोलतायत, म्हणून लाटणं थांबवून कान दिला, तर जाऊ निघाली युरोपची आणि सासरा चीनचा.

त्या मेसमध्ये मी पोळ्या लाटायची. माझी शाळा आठवीतच सुटलेली. गाव जळकोट तालुक्यातलं, लग्नानंतर लातूरला आले. मेस डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला आलेल्या पोरांची. अक्कांचं घर उदगीरला, ऑफिस आमच्या मेसच्या वरच्या मजल्यावर. आठवडाभर त्या तिथंच राहायच्या आणि दोन्ही वेळा आमच्याकडं जेवायच्या. बुटक्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं, साडीवर काळा कोट आणि साडीखाली पळायचे बूट. कोटाचं मधलं बटण तुटलेलं होतं, तिथं सेफ्टी पिन. मी एकदा म्हणलं, द्या, लावून देते. तर म्हणाल्या, "राहू दे. समोरचा वकील त्या पिनेकडं बघत बसतो, तवर माझं म्हणणं मांडून होतं."

जेवताना त्यांना हिरवी मिरची कच्ची लागायची. बोलण्यात रंगल्या की ताट हातात घेऊन उभ्या राहायच्या. विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसून घ्यायच्या. आणि कुठलाही विषय असो, शेवटी समोरच्याला विचारायच्या, "मग? तुझं काय म्हणणं?" हे त्यांनी मलासुद्धा विचारलं. हात पिठात, तव्यावर पोळी, आणि एक वकील मला विचारतीय, मशीननं माणसाची नोकरीची मुलाखत घ्यावी का, तुझं काय म्हणणं. माझं म्हणणं त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. भाजी खारट झाली का, एवढंच विचारायचे लोक.

ज्याला सगळे एआय म्हणतात, त्याला अक्का 'शहाणी' म्हणायच्या. पोरं मोबाइलवर काही विचारताना दिसली की, "काय म्हणली शहाणी?" असा टोमणा ठरलेला. आणि तिला आवर घालायला जगात कुठं कुठं कायदे होऊन राहिलेत, हा त्यांचा आवडता विषय. खून-मारामाऱ्यांच्या केसमध्ये त्यांना एवढा रस नव्हता. म्हणायच्या, "ते कायदे झालेले हायत, पोरांनो. हे तर आपल्या डोळ्यादेखत होऊन राहिलेत. कुणाच्या नशिबात असतंय हे बघायला?"

एका रविवारी क्लासला सुट्टी होती आणि पोरं जेवून बसलेली होती. एकानं मुद्दाम खाजवून विचारलं, "अक्का, युरोपचा कायदा काय म्हणतो?"

"युरोपची म्हणजे थोरली जाऊ," अक्का हसून घेत म्हणाल्या. "घरातली कुठली वस्तू किती धोक्याची, हे तिनं आधीच ठरवून फळ्या लावल्यात. चमचा खाली, सुरी वरच्या फळीवर, आणि काही वस्तूंना तर उंबऱ्याच्या आतच घ्यायचं न्हाई. लई शिस्तीची. पण फळ्या लावण्यात इतकी गुंतली की आता तीच म्हणती, स्वयंपाकाला जरा उशीर होईल."

"आणि अमेरिका?"

"ते वेगळं राहिलेले भाऊ. आडनाव एक, चुली वेगळ्या. एका राज्यात चालतं ते शेजारच्या राज्यात चालत न्हाई. दिल्लीवाणी वर बसलेला थोरला म्हणतो, तुम्ही कुणी कायदे करू नका, मी बघतो. कधी बघणार ते सांगत न्हाई."

"चीन?"

"सासरा. तोंड उघडायच्या आधी विचारायचं. आणि मशीननं केलेलं असंल तर त्याच्या कपाळावर तसं लिहायचं."

"आपला कोणता, अक्का?"

इथं त्या ताट घेऊन उभ्या राहिल्या. "आपल्याकडं दोघी हायत. एक लोकांच्या खासगी माहितीचं रक्षण करणारी. तिचं लगीन झालंय. संसदेत मंजूर झाली, सही झाली, अक्षता पडल्या. पण अजून पुरी नांदायला आली न्हाई. एक पेटी आली, बाकीच्या मागनं येतायत. आणि दुसरी, खास ह्या शहाणीसाठीची, तिचं तर अजून बघायचंच चाललंय. सरकार म्हणतं, घाई कशाला, आधीच्या सुना हायत की घर सांभाळायला."

"परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील का?"

"मार्क न्हाई मिळणार. पण जन्मात विसरायचा न्हाईस."

सगळे कायदे बायाच का, असं मी एकदा भांडी घासताना विचारलं. अक्का म्हणाल्या, "कायदा म्हणलं की लोक साहेबापुढं उभं राहिल्यावाणी हात बांधतात. बाई म्हणलं की मग कशी हाय, नांदती का, ऐकती का, सगळं विचारतात. विचारलं पाहिजे ना, संगे."

अक्कांचा राग मी एकदाच पाहिला, तोही पेढे वाटण्यात गेला. त्यांच्या हाताखाली एक तरुण वकील होता, विवेक नावाचा. त्यानं एक अर्ज लिहिला आणि त्यात वरच्या कोर्टाचा एक निकाल घातला. निकाल इतका सोयीचा की अक्कांना शंका आली. लायब्ररीत पुस्तकं काढली, कॉम्प्युटरवर शोधलं. निकाल कुठंच नाही. विवेकनं अर्ज शहाणीकडून लिहून घेतला होता आणि तिनं नाव-गाव-तारखेसकट निकाल स्वतःच्या मनानं रचला होता. दुसऱ्या दिवशी अक्कांनी वकिलांच्या खोलीत पेढे आणले. सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "आमच्या विवेकच्या घरी एक निकाल झालाय. आईबाप सापडत न्हाईत, पण बारसं तर केलं पाहिजे." आणि विवेकलाच नाव ठेवायला लावलं. तो पेढा हातात धरून लाल होऊन उभा. नंतर मेसमध्ये मात्र त्याच्या ताटात त्यांनी स्वतः तूप वाढलं आणि म्हणाल्या, "चुकलास ते बरं झालं. मशीन खोटं बोलली तर जबाबदारी कुणाची, हे जगातल्या कुठल्याच कायद्याला नीट सांगता येईना. मी सांगते. ज्यानं खाली सही केली त्याची. जेव आता."

ह्याच दिवसांत नांदेडच्या एका कंपनीची माणसं मेसवर आली. त्यांना बायकांचे आवाज पाहिजे होते, तेही गावाकडच्या बोलीतले. मशीनला पुण्याची मराठी कळते, आपल्याकडची कळत नाही, म्हणून तिला शिकवायचं आहे, असं म्हणाले. ह्यात मला काही वावगं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. एका खोलीत भिंतींना गोधड्या लावलेल्या. मधोमध माइक. त्यांचा माणूस आधी बराच वेळ काहीतरी समजावून सांगायचा, मग वाक्यं वाचायची. मी चांगली वाचली. आठवीनंतर एवढं मोठ्यानं मी पहिल्यांदाच वाचत होते.

त्यानंतर नवऱ्याला तमिळनाडूत तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात काम लागलं. मीही शिलाईवर बसले. इथं आमची भाषा कुणाला येत नाही. बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायची, कारखान्यात मान हलवायची. दिवसभराचं बोलणं साठायचं आणि संध्याकाळी आईला फोन केला की मोकळं व्हायचं. माझं गाव म्हणजे तेवढा फोन.

एक दिवस आईच्या शेजारच्या मारुती काकांचा फोन आला. "संगे, शेळीचा विमा म्हणून आमच्या खात्यातले पैसे कापलेस, आणि बसलीस व्हय तिकडं जाऊन?"

"काका, कसला विमा? मी कुठं फोन केला?"

"मग तुझं भूत बोललं का? आर्ध्या गावाला केलास. 'राम राम, मी तुमच्याच भागातली संगीता बोलून राहिले.' आम्ही म्हणलं, आपली गंगाबाईची पोरगी हाय, ऐकून तरी घ्यावं."

मी घाबरून आईला फोन लावला. आईनं उचलला, पण आवाज थंड. म्हणाली, "काल मी तुला विचारलं, पोरं कशी हायत. तू म्हणलीस, आपला प्रश्न समजला न्हाई. आपला? मला आपण म्हणलीस, संगे?"

"माय, ती मी नव्हते."

"आता तू हायस का न्हाईस, ते मी कसं सांगू?" आणि तिनं फोन ठेवला. मग उचलणंच बंद केलं. माझं नाव दिसलं की फोन उशीखाली ढकलते, असं काकांनी सांगितलं. विम्याचं मला एवढं लागलं नाही. आई माझा आवाज ऐकून घ्यायची बंद झाली, त्यानं मला जेवण जाईना.

अक्कांना फोन केला तेव्हा मी नुसती रडत होते. त्या म्हणाल्या, "रडणं मला लिहून घेता येत न्हाई. पहिल्यापासून सांग." मी सांगत गेले तशा त्या लिहून घेत गेल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "संगे, अगं, हीच ती केस." त्यांच्या आवाजात आनंद होता. मला क्षणभर वाईट वाटलं, माझं घर जळून राहिलंय आणि ह्यांना उजेड दिसतोय. पण त्या पुढं म्हणाल्या, "तिकीट काढ. आणि ऐक, एकटीनं भ्यायचं न्हाई. भ्यायचं असंल तर माझ्याजवळ येऊन भी." हे ऐकून कित्येक दिवसांनी मला भूक लागली.

गाड्या बदलत लातूरला पोचले. आधी आम्ही पोलिसांकडं गेलो. तिथले जमादार भले होते, पाणी दिलं, पण लिहायचं काय ते त्यांना समजेना.

"बाई, काय चोरीला गेलं?"

"आवाज," मी म्हणलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चोरीला गेला म्हणता, मग बोलून कशा राहिल्यात?"

मला रडू यायच्या बेतात होतं, आणि अक्का टेबलावर हात मारून हसल्या. "जमादार, लाख रुपयाचं बोललात. चोरीत वस्तू एकाकडून दुसऱ्याकडं जावी लागते. इथं दोघांकडं झाली. आता सांगा, हिला कुठल्या कलमात बसवायची?" जमादारांनी खुर्ची ओढली आणि दोघं मिळून तासभर कलमं लावून बघत बसले. हे लावलं की पाय बाहेर, ते लावलं की डोकं बाहेर. शेवटी विमावाल्यांनी केलेल्या फसवणुकीची तक्रार त्यांनी नीट लिहून घेतली. "आवाजाचं मात्र," ते म्हणाले, "अक्का, तुम्हीच कोर्टात बघा."

माझा आवाज घेऊन तो विमावाल्यांना देणारी कंपनी नांदेडची, म्हणून दावा नांदेडला. तारखेच्या दिवशी आम्ही लातूरहून एसटीनं निघालो. मी खिडकीशी अंग चोरून बसलेली, आणि अक्का बस शहराबाहेर पडायच्या आत उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. मशीननं तुम्हाला फोन केला, तर 'मी मशीन हाय' असं तिनं आधी सांगावं का नको?"

अहमदपूर येईपर्यंत अर्धी बस भांडत होती. एक म्हणाला, सांगायलाच पाहिजे, न्हाई सांगितलं तर दंड. दुसरा म्हणाला, दंड कुणाला करणार, मशीनला का मालकाला? मागनं कुणी म्हणालं, मालक परदेशात असला तर? कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "पुढं सरका म्हणायला मशीन आणणार असतील तर मी आजच पाठिंबा देतो." सगळे हसले. मग एक बाई हळूच म्हणाल्या, "माझा सासरा दिवसभर एकटा असतो. कुणी बोलायला न्हाई. मशीन बोलली आणि त्याला वाटलं, माणूस हाय, तर त्यात कुणाचं काय गेलं?"

अक्का खाली बसल्या. लोहा आलं तरी मागं वळून वळून त्या बाईंकडं बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं. बघ, कायदा करणाऱ्यांचं हेच अवघड. एका घरात विष, तेच दुसऱ्या घरात औषध." आणि चेहऱ्यावर अशी खुशी, की जणू त्या बाईंनी त्यांना नवं लुगडं नेसवलं.

कोर्टात कंपनीकडून पुण्याहून आलेले वकील होते. मऊ आवाजाचे, सभ्य. त्यांचं म्हणणं सरळ होतं. संगीताबाईंना सगळं समजावून सांगितलं होतं, आवाज कुठंही वापरला जाईल असंही सांगितलं होतं, आणि त्यांनी होकार दिला. पुरावा म्हणून त्यांनी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. गोधड्यांच्या खोलीतला तो माणूस अवघड मराठीत सांगत होता, आणि प्रत्येक वाक्यामागं माझा आवाज येत होता, "हाव... हाव... हाव."

म्हणलं तर होतंच की मी.

कंपनीनं त्या रेकॉर्डिंगचा इंग्रजी तर्जुमाही जोडला होता, मशीननंच केलेला. अक्कांनी समोरच्या वकिलांना विनंती केली, जरा वाचून दाखवा. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. जिथं जिथं मी 'हाव' म्हणलं होतं, तिथं मशीननं 'ग्रीड' लिहिलं होतं. ग्रीड म्हणजे लोभ. तुमचा आवाज आम्ही वापरू शकतो का? लोभ. दुसऱ्या कंपनीला देऊ शकतो का? लोभ. लोभ.

"साहेब," अक्का न्यायाधीशांना म्हणाल्या, "ज्या मशीनला आमची बोली शिकवायची म्हणून हिचा आवाज घेतला, तिला हिचा एक शब्द कळला न्हाई. आणि कंपनी म्हणते, त्याच शब्दानं करार झाला."

पुण्याचे वकील सावरले. "तर्जुमा चुकला, मान्य. पण आता मला समजतंय, 'हाव' म्हणजे इथं 'हो'. मग होकारच झाला ना?"

"रेकॉर्डिंग थोडं मागं घ्या," अक्का म्हणाल्या. मागं घेतलं. तो माणूस कुणाला तरी सांगत होता, थांबा, वायर निघाली. माझा आवाज, "हाव." पंखा बंद करा, आवाज येतोय. "हाव." अक्का म्हणाल्या, "वायर निघायला हिनं परवानगी दिली का? आमच्याकडं समोरचा बोलत असला की हाव म्हणत राहतात, साहेब. हाव म्हणलं न्हाई तर त्याला वाटतं, ही ऐकतच न्हाई. हाव म्हणजे ऐकून राहिले. गावातली माणसं सुद्धा विम्याच्या फोनला तसंच हाव-हाव करीत गेली आणि मशीननं त्याची संमती करून टाकली."

न्यायाधीश साहेब आमच्याच भागातले असावेत. कागदावर काही लिहीत, मान खाली घालून ते म्हणाले, "हाव, हाव, पुढं बोला."

अक्का थांबल्या. विभूतीखालच्या भुवया वर गेल्या. "माझा दावा साहेबांनी मान्य केला, ह्याची नोंद घ्यावी ही विनंती."

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी वर पाहिलं, काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि तेही हसले. पुण्याचे वकीलसुद्धा. मी एकटी हसले नाही, मला अजून धीर नव्हता.

मग साहेबांनी नीट विचारलं, हे सगळं ठीक, पण ह्यासाठी वेगळा कायदा अजून आलेला नाही, मी कशाच्या आधारावर थांबवू? अक्का म्हणाल्या, "इंग्रजांच्या वेळची कराराची आजेसासू अजून ओसरीवर बसलेली हाय, साहेब. ती सांगती, दोघांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थानं हो म्हणलं तरच करार. हिनं मशीनला बोली शिकवायला आवाज दिला, गावाला विमा विकायला न्हाई. आणि माहितीच्या रक्षणाची जी अजून पुरी नांदायला यायचीय, तिचं वळण सगळ्या घराला ठाऊक हाय. संमती मोकळी पाहिजे, कशासाठी ते सांगून घेतलेली पाहिजे, समजून दिलेली पाहिजे."

शेवटचा मुद्दा समोरच्यांचा होता आणि तो मला आजही खरा वाटतो. ते म्हणाले, आवाज आता मशीनमध्ये मिसळलाय. पुरणात गूळ घातल्यावर गूळ परत द्या म्हणलं तर कसा देणार? अक्का जराही न थांबता म्हणाल्या, "गूळ नका देऊ. पण त्या पुरणाच्या पोळ्या विकणं तर बंद करा."

साहेबांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत माझा आवाज कुठल्याही फोनसाठी वापरायचा नाही, आणि ज्यांना फोन गेले त्यांना कंपनीनं कळवायचं, की तो फोन मशीनचा होता. बाहेर पायरीवर येऊन अक्कांनी फुटाण्याची पुडी काढली, पुण्याच्या वकिलांना बोलावलं, आणि दोघं पुन्हा भांडायला लागले. ह्या वेळी विषय होता, आवाजावर माणसाची मालकी असावी का आणि मेल्यावर ती कुणाकडं जावी. ते वकील गाडी चुकली तरी हलले नाहीत.

कंपनीनं हुकूम पाळला. गावातल्या सगळ्यांना मोबाइलवर मेसेज पाठवला. तो वाचून मारुती काका म्हणाले, "हे बी मशीननंच पाठवलं असंल. कशावरून खरं?"

अक्कांना हे कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. चल, आपणच जाऊ."

आईच्या अंगणात माणसं जमली. अक्कांनी हुकूम आमच्या बोलीत वाचून सांगितला. काकांनी विचारलं, "म्हणजे संगीनं फोन केलाच न्हाई?"

"न्हाई."

"मग माझ्या शेळीचा विमा हाय का न्हाई? उद्या मेली तर पैसे मिळतील का?"

"काका, शेळीला आधी जगू द्या. विम्याची तक्रार पोलिसांकडं वेगळी हाय," अक्का म्हणाल्या, आणि लोकांचा ताण गेला. काका माझ्याकडं वळून म्हणाले, "संगे, मनात धरू नको." मी मान हलवली.

आई लांब, दाराच्या चौकटीला टेकून बसलेली होती. मी आल्यावर तिनं मला पोटाशी धरलं होतं, तोंडावर हात फिरवला होता. समोर होते तोवर शंका नव्हती. सगळे गेल्यावर ती अक्कांना म्हणाली, "कागदावर लिवलंय ते खरं असंल, बाई. पण ही परवा परत जाणार. फोन वाजल. दुसरी कुठली कंपनी आसंल, तुमचा हुकूम तिला ठावं नसंल. मी लेक कशी वळखू?"

अक्का कोटाच्या पिनेशी बोटं चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं कलम माझ्याकडं न्हाई, माय. कुठल्याच देशाकडं न्हाई. मग? तुझं काय म्हणणं?"

आई चौकटीचा टेका सोडून पुढं सरकली. "ती बया गप बसत न्हाई," ती म्हणाली. "मी जरा थांबले की लगीच हॅलो, हॅलो, आपला आवाज येत न्हाई. माझी लेक बसती गप. न्हानपणी रुसली तर सांज करायची. फोन उचलला की मी बोलणार न्हाई. हिनं बी बोलायचं न्हाई. थोडा वेळ. मग मला कळंल."

अक्का उठून उभ्या राहिल्या. हातात ताट नव्हतं, चहाचा कप होता, तो घेऊनच. "गप बसणं," त्या म्हणाल्या. "अगं माय, साऱ्या जगाचे कायदेवाले मशीनला काय बोलू द्यावं ह्यावर बसलेत. गप बसण्याचं कुणी काढलंच न्हाई." अंगणात इकडून तिकडं दोन चकरा झाल्या. दिल्लीत मसुदा निघेल तेव्हा लोकांचं म्हणणं मागवतील, तेव्हा गंगाबाईचं म्हणणं म्हणून हे मीच पाठवणार, नावासकट, असं त्यांनी जाहीर केलं. मग स्वतःच थबकल्या. "पण माय, पुढच्या साली तिला गप बसायला बी शिकवतील."

"शिकवू द्या," आई म्हणाली. "मी बी कायतरी नवं काढीन."

"माझा बी धंदा हाच हाय," अक्का म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

आता तिरुपूरहून फोन लावते तेव्हा आई उचलते आणि बोलत नाही. माझ्यामागं शिलाईच्या मशिनींची घरघर, तिच्यामागं कोंबड्या. आम्ही दोघी श्वास ऐकत बसतो. कधी कधी मला उगीच धास्ती वाटते, आज ती बोललीच नाही तर? मग ती म्हणते, "हां, बोल." रोजच्या बोलण्यातली ही जागा मला सगळ्यात आवडायला लागली आहे. दावा अजून चालू आहे. तारखांना अक्का एकट्याच जातात, मला सुट्टी मिळत नाही.

त्यांना शेवटचं समोरासमोर पाहिलं ते आईच्या अंगणात हुकूम वाचला त्याच दिवशी, जळकोटच्या जीपमध्ये बसताना. पुढच्या सीटवर आधीच दोघं होते, त्यांत त्या तिसऱ्या. चढायच्या आधीच त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी विचारलं असावं, कारण तो मागं वळून वळून उत्तर देत होता आणि मागची माणसं पुढं झुकली होती. आई आणि मी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. जीप सुरू झाली. अक्कांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आमच्याकडं बघून काहीतरी सांगायला लागल्या, मोठं, महत्त्वाचं, हातवारे करून. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नुसतं तोंड हलताना दिसत होतं, विभूती, आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर पडणारा त्यांचा हात. वळण येईपर्यंत त्या बोलतच होत्या.

आईनं जीप दिसेनाशी होईस्तोवर पाहिलं. मग मान हलवली आणि म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं."